सांडवा नसलेले दुःख

नवेगाव बांध म्हटले की मराठी वाचकाला मारुती चितमपल्ली आठवतात आणि त्यांच्या मागोमाग अरण्य, तलाव, पक्षी. गोंदिया जिल्ह्याच्या अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या या गावाची दुसरी एक ओळख साहित्याच्या अभ्यासकांच्या लेखी फारशी आलेली नाही. हा परिसर झाडीपट्टी रंगभूमीचा आहे. आम्हांला येथे लिहायचे आहे ते चित्रपटांविषयी; त्यातही प्रेक्षकाला जाणूनबुजून, तंत्राच्या बळावर अस्वस्थ करणाऱ्या चित्रपटांविषयी. तरीही आरंभ झाडीपट्टीपासून करतो आहोत. दुःख प्रेक्षकापर्यंत पोचवणे आणि प्रेक्षकाला दुःख देणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्यांतला फरक झाडीपट्टीच्या मांडवात जितका ठळक दिसतो तितका पुण्या-मुंबईच्या नाट्यगृहात दिसत नाही.

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांच्या धानपट्ट्यात दिवाळीनंतर, धान कापून झाले की, नाटकांचा हंगाम सुरू होतो तो होळीपर्यंत चालतो. मंडई भरते, शंकरपट होतो, लेकी-जावई आणि सोयरे गावात येतात आणि रात्री मांडवात नाटक लागते. वडसा, म्हणजे देसाईगंज, हे नाटक कंपन्यांचे मुख्य ठाणे. नाटक रात्री उशिरा सुरू होते आणि उजाडेपर्यंत चालते. विषय बहुधा कौटुंबिक किंवा सामाजिक असतात : हुंडा, दारू, कर्ज, भावाभावांतले वैर. नाटक रडवते आणि रडवण्यात कसलाही संकोच करीत नाही. मात्र प्रसंग टोकाला गेला की लगेच विनोदी पात्र प्रवेश करते, नाहीतर गाणे येते, नाहीतर नाच. प्रेक्षक डोळे पुसून हसतो, गाण्याला 'वन्समोअर' देतो आणि पुढच्या रडण्यासाठी सज्ज होतो. २०२३ साली ज्यांना पद्मश्री मिळाली ते गडचिरोलीचे परशुराम खुणे मुख्यतः विनोदी भूमिकांसाठीच या भागात घराघरांत ठाऊक आहेत, हे येथे नमूद करण्यासारखे आहे.

नागर समीक्षकाला यात रसभंग दिसतो. आम्हांला दिसत नाही. नवेगावचा तलाव कोहळी समाजाने बांधला; परंपरा कोलू पाटील कोहळी याचे नाव सांगते. तलाव बांधणाऱ्या या लोकांना एक गोष्ट पक्की ठाऊक होती : पाळ कितीही भक्कम घातली तरी सांडवा नसेल तर ती एखाद्या मोठ्या पावसात फुटते. पाणी अडवण्याची विद्या आणि जास्तीचे पाणी सोडून देण्याची विद्या एकच. झाडीपट्टीचे नाटक याच मातीतले आहे. त्यातला विनोद आणि त्यातले गाणे हा त्या दुःखाचा सांडवा आहे.

ही गोष्ट केवळ झाडीपट्टीची मानण्याचेही कारण नाही. १९१९ साली रंगभूमीवर आलेले गडकऱ्यांचे 'एकच प्याला' घ्या. सुधाकराचा अधःपात आणि सिंधूचे हाल यांच्या मधोमध तळीराम आणि त्याचे आर्यमदिरामंडळ आहे. सिंधूच्या तोंडी वि. सी. गुर्जरांची पदे आहेत आणि ती बालगंधर्वांनी गायिलेली. प्रेक्षक सिंधूसाठी रडला, पण गात असलेल्या सिंधूसाठी रडला. शोकान्त नाटकाचे हे शिल्प मराठी रंगभूमीने पिढ्यान् पिढ्या सांभाळले. शहराने ते पुढे गावंढळ म्हणून टाकून दिले, झाडीपट्टीने टाकले नाही, इतकेच.

आता थोडे शास्त्राकडे वळू. विद्यार्थ्यांना हा भाग परिचित असेल. करुणरसापासून आनंद का होतो, हा प्रश्न मराठी समीक्षेने विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अक्षरशः झिजवला. न. चिं. केळकरांनी त्यावर 'सविकल्प समाधी'ची कल्पना मांडली : वाचक दुसऱ्याच्या भूमिकेत शिरतो, परंतु आपली स्वतःची भूमिका सोडत नाही, एकाच वेळी दोन ठिकाणी असण्यात आनंद आहे. त्याच्या कितीतरी आधी, नाट्यशास्त्रावरील टीकेत, अभिनवगुप्ताने रसविघ्नांची यादी केली होती. सात विघ्नांपैकी दोन आमच्या कामाची आहेत. एक म्हणजे, रंगमंचावरचे सुखदुःख 'हे माझे' किंवा 'हे त्या अमक्याचे' असे एखाद्या व्यक्तीला, स्थळाला, काळाला बांधून टाकणे. दुसरे म्हणजे, प्रेक्षकाने स्वतःच्याच सुखदुःखात बुडून जाणे. पहिल्यावर उपाय म्हणजे पूर्वरंग, वेशभूषा, नाट्यधर्मी संकेत. दुसऱ्यावर उपाय म्हणजे गीत, वाद्य, नृत्य. गाण्याचे काम येथे शोभेचे नाही. प्रेक्षकाला त्याच्या खाजगी दुःखातून बाहेर काढून रसाला पात्र करणे हे त्याचे काम आहे.

आमचे म्हणणे थोडक्यात असे. प्रेक्षकाला अस्वस्थ करणारा चित्रपट ही विघ्ने मुद्दाम घडवून आणतो. शास्त्राने सांगितलेले उपाय तो एकेक करून काढून घेतो. महाराष्ट्रातील चित्रपटकारांनी ते कोणत्या क्रमाने काढून घेतले, हा एक इतिहास आहे, आणि तो शांतारामांपासून सुरू होतो.

शांतारामबापू १९३३ साली 'सैरंध्री'च्या रंगीत प्रतींच्या निमित्ताने जर्मनीत होते. परत आल्यावर प्रभातच्या पुण्यातील नव्या स्टुडिओत त्यांनी 'अमृतमंथन' (१९३४) केला. नरबळी-पशुबळीला चिकटून राहिलेला राजगुरू हा त्यातला खलपुरुष. मराठी आवृत्तीत केशवराव दाते, हिंदीत चंद्रमोहन. चित्रपट पाहिलेल्यांच्या आठवणीत राहिला तो राजगुरूचा डोळा : टेलिफोटो भिंगातून घेतलेला, सबंध पडदा व्यापणारा. पाचच वर्षांपूर्वी, १९२९ मध्ये, बुन्युएल आणि दाली यांनी पॅरिसमध्ये वस्तऱ्याने डोळा चिरल्याचे दृश्य दाखवून प्रेक्षकाला हादरवले होते. दोन्हींत संबंध आहे असे आम्ही सुचवीत नाही. पण तुलना मोठी बोलकी आहे. तिकडे प्रेक्षकाच्या पाहण्याच्या इंद्रियावरच शस्त्र चालते. इकडे पडदाच प्रेक्षकाकडे पाहू लागतो. मराठी नाटकात पात्र प्रेक्षकांकडे पाहत असे ते विश्वासात घेण्यासाठी, स्वगत सांगण्यासाठी. हा डोळा काही सांगत नाही, नुसता पाहतो. 'अमृतमंथन'मध्ये ही धास्ती तात्पुरती आहे. कथा अखेर सत्प्रवृत्तांच्या विजयाकडे जाते.

'कुंकू' (१९३७) मात्र वेगळ्या जातीचा. ना. ह. आपटे यांच्या 'न पटणारी गोष्ट' या कादंबरीवरचा हा चित्रपट. फसवून म्हाताऱ्याशी लग्न लावून दिलेली नीरा (शांता आपटे) आणि तो म्हातारा वकील काकासाहेब (पुन्हा केशवराव दाते). या चित्रपटाला पार्श्वसंगीत नाही. आज ही बाब तांत्रिक तपशिलासारखी वाटेल; बोलपटाला पुरती दहा वर्षेही झाली नव्हती आणि संगीत नाटकाच्या प्रेक्षकालाच बोलपट दाखवायचा होता, हे ध्यानी घेतले म्हणजे तिचे धाडस कळते. गाणी आहेत, परंतु ती पात्रांच्या तोंडची, घरात घडणारी. एकदा तर नीरेच्या पिढीची मुलगी शोभेल अशा रीतीने शांताबाईंनी लाँगफेलोची इंग्रजी कविताच गायिली आहे. गाणे संपले की उरते ते घर आणि घड्याळाची टिकटिक. नवराबायको एका खोलीत असताना प्रेक्षकाच्या मनाला कोणते वळण द्यावे हे सांगणारी सारंगी तेथे नाही. फुटलेल्या आरशात म्हाताऱ्याला स्वतःचीच अनेक तोंडे दिसतात तेव्हाही दयेची सूचना कोणी देत नाही. अभिनवगुप्ताचा दुसरा उपाय येथे काढून घेतला गेला. त्या काळी ज्यांच्या घरी अशी लग्ने झाली होती ते प्रेक्षागृहात बसलेले होतेच. त्यांना आपल्याच घरात परत पाठवण्याची व्यवस्था शांतारामांनी केली. शेवटी काकासाहेब आत्महत्या करतो आणि नीरेला मोकळीक देऊन जातो. हा शेवट आम्हांला नेहमीच थोडा सोयीचा वाटत आला आहे. प्रेक्षकातल्या काकासाहेबांना त्यात पश्चात्तापाचे समाधान मिळते. सांडवा अगदी शेवटच्या क्षणी उघडला गेला.

यानंतर मोठा खंड पडतो. पन्नास-साठच्या दशकांतला मराठी चित्रपट तमाशापट, कौटुंबिक पट आणि विनोद यांत रमला. प्रेक्षकाला बेचैन करण्याचे काम त्या काळात रंगभूमीने केले, आणि त्यात विजय तेंडुलकरांचा वाटा सर्वांत मोठा. 'गिधाडे' १९७० मध्ये डॉ. श्रीराम लागूंनी रंगमंचावर आणले. त्यातील गर्भपाताच्या प्रसंगानंतर पातळावर दिसणाऱ्या रक्ताच्या डागाला परिनिरीक्षण मंडळाने हरकत घेतली. तेव्हा डाग निळा करण्यात आला आणि तो लाल समजावा अशी प्रयोगाआधी प्रेक्षकांना सूचना देण्यात आली. ही हकीकत विनोद म्हणून सांगितली जाते. आम्हांला ती तंत्राच्या इतिहासातली फार महत्त्वाची घटना वाटते. लाल डाग प्रेक्षकाने नुसता पाहिला असता. निळा डाग त्याला मनातल्या मनात लाल करावा लागला. म्हणजे रक्त काढण्याचे काम त्याच्याकडे आले. मंडळाला हे कळले असते तर त्याने निळ्या डागालाही हरकत घेतली असती.

तेंडुलकरांनीच पुढे गोविंद निहलानींच्या 'आक्रोश'ची (१९८०) पटकथा लिहिली. चित्रपट हिंदी, पण त्यातले माणूस आणि मुलूख महाराष्ट्राचे. पत्नीच्या खुनाचा आरोप असलेला आदिवासी लहान्या भिकू (ओम पुरी) आपल्या बचावासाठी नेमलेल्या वकिलाशी एक शब्दही बोलत नाही. वकील भास्कर कुलकर्णी (नसीरुद्दीन शाह) हा सुशिक्षित, सज्जन, धडपड्या; प्रेक्षकाने स्वतःला त्याच्या जागी ठेवावे अशीच योजना आहे. दोन तास आपण लहान्याने बोलावे म्हणून वाट पाहतो. बापाच्या अंत्यविधीसाठी त्याला आणले जाते, तेव्हा तो कुऱ्हाड उचलतो आणि आपल्या लहान बहिणीला मारतो, कारण बायकोचे जे झाले तेच हिचे होणार हे त्याला दिसते आहे. मग तो ओरडतो. जो आवाज ऐकण्यासाठी आपण ताटकळलो होतो तो हा. आपली उत्सुकताच आपल्याला लाज वाटावी अशी होऊन जाते. गीत-वाद्य दूरच राहिले, येथे भाषाच काढून घेतलेली आहे.

'आक्रोश'च्या या तंत्राची वाहवा पुष्कळ झाली आणि ती यथार्थ आहे. तथापि एक शंका नोंदवतो. ही बेचैनी कोणासाठी रचलेली आहे? लहान्याचे मौन हे कुलकर्णी वकिलाला पडलेले कोडे आहे. नवेगावच्या आसपासच्या एखाद्या गोंड प्रेक्षकाला त्यात कोडे वाटण्याचे कारण नाही. पोलीस, ठेकेदार आणि पुढारी एका बाजूला असले म्हणजे गप्प राहावे लागते, हे त्याला सांगावे लागत नाही. त्याच्या मनात कदाचित उलटा प्रश्न येईल : आमच्या माणसाला पडद्यावर आणले तेव्हा त्याला मुके करूनच का आणले? 'आक्रोश' बनवणाऱ्यांसमोर प्रेक्षक एकच होता, नागर आणि मध्यमवर्गीय. संस्कृत शास्त्राचा सहृदयही असाच एकवचनी होता. प्रेक्षागृहात एकाच वेळी दोन प्रेक्षक बसलेले असू शकतात, याची जाणीव तंत्रात उतरायला आणखी तीस-बत्तीस वर्षे लागली.

ती उतरली नागराज मंजुळे यांच्या 'फँड्री'त (२०१३). कैकाडी भाषेत फँड्री म्हणजे डुक्कर. जब्या हा शाळकरी मुलगा, शालू नावाच्या वरच्या जातीतल्या मुलीवर त्याचा जीव, काळ्या चिमणीच्या राखेवर त्याचा विश्वास. कथा अशी कोवळी ठेवून मंजुळे आपल्याला शेवटच्या डुकराच्या पाठलागापर्यंत नेतात. त्या पाठलागात दोन जागा आहेत, ज्यांच्यासाठी हा चित्रपट तंत्राच्या वर्गात शिकवला गेला पाहिजे.

पहिली जागा राष्ट्रगीताची. डुक्कर कोंडीत सापडले आहे, एवढ्यात शाळेतून राष्ट्रगीत सुरू होते. जब्या आणि त्याच्या घरचे जागच्या जागी ताठ उभे राहतात. डुक्कर निसटते. महाराष्ट्रातल्या चित्रपटगृहांत २००३ पासून खेळाआधी राष्ट्रगीत लावण्याचा प्रघात पडला. म्हणजे हा प्रसंग पाहणारा प्रेक्षक तास-दीड तासापूर्वी याच गीताला उभा राहून खाली बसलेला असतो. आता पडद्यावर ते पुन्हा वाजते. उठावे की बसून राहावे? बसून राहिलो तर पडद्यावरचा तो उघड्यावाघड्या अंगाचा माणूस आपल्यापेक्षा अधिक नियम पाळतो आहे. उठलो तर त्याची शिकार हुकवणाऱ्या व्यवस्थेत आपणही सामील. अस्वस्थता येथे मनातून पायांत उतरते. प्रेक्षकाचे शरीर अशा रीतीने दृश्यात ओढून घेतलेले आम्ही मराठी चित्रपटात दुसरीकडे पाहिलेले नाही.

दुसरी जागा शेवटच्या दगडाची, आणि तिच्याविषयी इतके लिहिले गेले आहे की आम्ही वर्णन आवरते घेतो. चिडवणाऱ्यावर जब्या दगड भिरकावतो, तो दगड थेट कॅमेऱ्याकडे येतो आणि पडदा काळा होतो. 'दगड प्रेक्षकाला लागतो' असे सर्व परीक्षणांनी लिहिले. बहुतेकांनी 'आपल्याला' हा शब्द वापरला. या 'आपण'मध्ये कोण आहे हे मात्र थोड्यांनीच विचारले. कॅमेरा त्या क्षणी उभा आहे चिडवणाऱ्याच्या जागी. ज्या प्रेक्षकाने आयुष्यात कधी त्या जागी उभे राहून कोणाला चिडवले, किंवा शेजारी उभे राहून हसला, त्याच्याकडे दगड येतो. ज्याला लहानपणी जातीवरून हाक मारली गेली, तो प्रेक्षक कॅमेऱ्याच्या जागी नसतो. तो जब्याच्या बाजूला असतो आणि दगड त्याच्या हातातून सुटतो. एकच चित्रचौकट, एकच क्षण. पण एका प्रेक्षकासाठी पाळ फुटते आणि दुसऱ्यासाठी, कितीतरी वर्षांनी, सांडवा उघडतो.

पाश्चात्त्य देशांतल्या अशा चित्रपटांपासून 'फँड्री' येथे निराळा होतो. ऑस्ट्रियाच्या मिखाएल हानेकेचा 'फनी गेम्स' (१९९७) घ्या. घरात घुसलेल्या दोघा मारेकऱ्यांपैकी एकाला गोळी लागते. प्रेक्षक सुटकेचा श्वास टाकतो. तोच दुसरा मारेकरी रिमोट उचलतो, चित्रपट मागे नेतो आणि झालेले न झालेले करतो. सुटका मागणाऱ्या प्रेक्षकाला दिलेली ही चपराक आहे. फ्रान्समध्ये गास्पार नोएने 'इरिव्हर्सिबल'च्या (२००२) पहिल्या भागात अठ्ठावीस हर्ट्झच्या आसपासचा, जेमतेम ऐकू येणारा घुमारा वापरला, कारण नुसत्या त्या कंपनाने मळमळल्यासारखे होते. दोघांचेही गृहीत असे की प्रेक्षकांची शरीरे सारखीच असतात आणि पाहण्याचा अपराध सर्वांचा सारखाच असतो. जातीच्या समाजात हे गृहीत टिकत नाही. मंजुळे यांनी ते टिकवण्याचा प्रयत्नही केला नाही. आम्हांला त्यांचे श्रेष्ठत्व दगडापेक्षा या नकारात दिसते.

'सैराट'चा (२०१६) मार्ग उलट आहे. त्यात आधी सगळे दिले आणि मग काढून घेतले. अजय-अतुल यांची चार गाणी, पाश्चात्त्य वाद्यवृंद, विहिरीत उड्या, केळीच्या बागा. 'झिंगाट'ला लोक चित्रपटगृहात नाचले, झाडीपट्टीच्या मांडवात 'वन्समोअर' द्यावा तसे. उत्तरार्धात गाणे नाही; हैदराबादची पत्र्याची खोली आहे, संशय आहे, भांडण आहे. शेवटी आर्चीच्या माहेरची माणसे भेटवस्तू घेऊन येतात, ती चहा करते. हत्या आपण पाहत नाही. युद्ध, मरण अशा गोष्टी अंकात प्रत्यक्ष दाखवू नयेत, प्रवेशकातून कळवाव्यात, हा नाट्यशास्त्राचा नियम मंजुळे येथे पाळतात, आणि पाळूनच त्याचा हेतू उलथवतात. प्रवेशक म्हणून ते पाठवतात एका तान्हुल्याला, ज्याला अजून नीट बोलता येत नाही. शेजारीण त्याला दारापाशी सोडून जाते. तो आत जातो, पाहतो, रडू लागतो आणि आवाज बंद होतो. तो बाहेर चालत येतो. मागे फरशीवर लाल पावले उमटतात. नामावली निःशब्दपणे सरकते.

ही निःशब्दता तंत्र म्हणून इतकी परिणामकारक का ठरली, ते करण जोहरच्या संस्थेने काढलेल्या 'धडक' (२०१८) या हिंदी रूपांतरावरून कळते. तेथे पत्नी वाचते, आणि नवरा व मूल वरून फेकले जाऊन तिच्या डोळ्यांसमोर खाली पडतात. मृत्यू एकाऐवजी प्रत्यक्ष दिसतो, बळी मूलही होते. हिशेबाने पाहता क्रौर्य वाढले. बेचैनी मात्र उतरली. पडणारे शरीर पाहिले की धक्का बसतो, आणि धक्का बसला की प्रेक्षकाचे काम संपते. 'सैराट'मधले मूल जिवंत आहे. त्याचे पुढे काय, हा प्रश्न घेऊन प्रेक्षकाला घरी जावे लागते. निळ्या डागाचीच ही गोष्ट आहे.

आता नवेगावकडे परत जायला हवे, कारण शास्त्रातले ते पहिले विघ्न अजून बाकी आहे : दृश्याला विशिष्ट देश आणि काळ चिकटणे. 'फँड्री' आणि 'सैराट' यांचा मुलूख पश्चिम महाराष्ट्राचा आहे. वैनगंगेच्या खोऱ्यातला प्रेक्षक म्हणू शकला असता की ते तिकडचे. त्याला तसे म्हणता येत नाही. २९ सप्टेंबर २००६ रोजी भंडारा जिल्ह्याच्या मोहाडी तालुक्यातील खैरलांजीत एका दलित कुटुंबातल्या चौघांची हत्या झाली. १९९९ पर्यंत गोंदिया आणि भंडारा हा एकच जिल्हा होता. धान तेच, तलाव तसेच, मंडई आणि नाटकेही तीच. खटल्यात २००८ साली भंडाऱ्याच्या न्यायालयाने सहा जणांना फाशी आणि दोघांना जन्मठेप सुनावली. २०१० मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने फाशीऐवजी पंचवीस वर्षांची कैद दिली. अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायद्याची कलमे मात्र दोन्ही ठिकाणी टिकली नाहीत. म्हणजे घटना घडल्याचे सिद्ध झाले. ती ज्या कारणाने घडली असे त्या पट्ट्यातल्या दलितांना वाटत होते, ते कारण कागदावर आले नाही. अशा भूमीत बसून 'सैराट'चा शेवट पाहणारा प्रेक्षक कलावस्तू पाहत नाही. त्याच्यापुरते साधारणीकरण अशक्य आहे, आणि ते शक्य व्हावे अशी इच्छा आम्ही का धरावी, हेही आम्हांला उमगत नाही. रसविघ्न हा येथे दोष राहत नाही. साक्षीचा तो एक प्रकार ठरतो.

कागदावर न येणाऱ्या कारणांचा चित्रपट मात्र चैतन्य ताम्हाणे यांनी केला : 'कोर्ट' (२०१४). त्यात नारायण कांबळे या लोकशाहिराची भूमिका वीरा साथीदार यांनी केली. साथीदार विदर्भाचे, नागपुरात 'विद्रोही' मासिकाचे संपादन करणारे कार्यकर्ते. २०२१ च्या एप्रिलमध्ये कोरोनाने त्यांचा बळी घेतला. कांबळेवर आरोप असा की त्याच्या गाण्यामुळे गटारात उतरणाऱ्या एका सफाई कामगाराने आत्महत्या केली. गाण्याने दुःखाला वाट मिळते, हे आपण झाडीपट्टीत पाहिले; 'कोर्ट'मध्ये गाणेच आरोपी आहे. रक्त नाही, किंकाळी नाही, कॅमेरा हलतसुद्धा नाही. तो दूर, स्थिर उभा राहतो आणि सरकारी वकील जुनाट कायद्यातली कलमे एका सुरात वाचत जातात. प्रेक्षकाला कंटाळा येतो. तो यावा अशीच योजना आहे, कारण कंटाळलेल्या प्रेक्षकाला अचानक जाणवते की आपण न्यायाधीशाइतकेच कंटाळलो आहोत आणि तिकडे एक माणूस जामिनाविना कोठडीत आहे. बेचैन करण्याची इतकी थंड आणि इतकी अचूक रीत आम्हांला दुसरी ठाऊक नाही. ती सर्वांना भावली नाही; काहींना चित्रपट नुसताच संथ वाटला, आणि त्यांचे ते वाटणे ताम्हाण्यांच्या हिशेबात धरलेले असणार.

उन्हाळी सुटीसाठी न्यायालय बंद होते. कर्मचारी एकेक दिवा मालवतात, दार लागते, पडदा काळोखात जातो आणि तसाच राहतो. प्रेक्षक चपला शोधू लागतो. पण चित्रपट संपलेला नसतो. न्यायमूर्ती सदावर्ते कुटुंबकबिल्यासह सहलीला गेलेले दिसतात. दुपारी बागेतल्या बाकावर त्यांना डुलकी लागते. लहान मुले खोडी म्हणून जवळ जाऊन एकदम ओरडतात. ते दचकून जागे होतात, हाताला लागलेल्या एका मुलाला चापट मारतात. मुले पळतात, मार बसलेला मुलगा रडत राहतो. न्यायमूर्ती पुन्हा डोळे मिटतात.